शेजारच्या गॅरेजातला माणूस

७ डिसेंबर २०२५, रविवार, संध्याकाळचे साडेसहा. कोराडीच्या आमच्या घरात टीव्हीसमोर मी आणि सावनेरहून आलेला माझा भाचा बसलो होतो. अबू धाबीच्या यास मरीना ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या हंगामातली शेवटची शर्यत सुरू होत होती. लँडो नॉरिसचे ४०८ गुण होते, मॅक्स व्हर्स्टापनचे ३९६ आणि ऑस्कर पियास्ट्रीचे ३९२. यातले नॉरिस आणि पियास्ट्री दोघेही मॅक्लारेनचे. गाड्यांचा रंग एक, गॅरेज एक, मालक एक. नॉरिसला फक्त पहिल्या तिघांत राहायचं होतं आणि तो तिसरा आला. व्हर्स्टापन शर्यत जिंकला, पण विजेतेपदात दोन गुणांनी मागे राहिला. ४२३ विरुद्ध ४२१. पियास्ट्री ४१० वर थांबला.

पियास्ट्रीने हेल्मेट काढलं तेव्हा भाचा बराच वेळ गप्प होता. तो पियास्ट्रीच्या बाजूचा. मग म्हणाला, "मामाजी, दोघांची गाडी तं एकच होती ना? ऑगस्टपर्यंत हा पुढे होता. मंग कमी कुठं पडला?"

प्रश्न साधा होता, पण माझी सगळी नोकरी त्यात होती. औष्णिक वीज केंद्रात मी आधी ऑपरेशनला आणि शेवटची काही वर्षं कार्यक्षमतेच्या हिशेबाला होतो. सारख्या बनावटीचे दोन संच शेजारीशेजारी उभे असतील, तर कागदावर त्यांच्यात फरक नसतो. महिनाअखेरीला आकडे मात्र वेगळे येतात. एक युनिट वीज तयार करायला एका संचाला किती किलोकॅलरी उष्णता लागली आणि शेजारच्याला किती, हे ताडून बघायचं आणि फरक कुठून आला ते शोधायचं, हेच आमचं काम. आज कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, आठ, नऊ आणि दहा क्रमांकाचे. देवीच्या देवळाकडे जाताना चिमण्या दिसल्या की निवृत्तीनंतरही माझ्या मनात पहिला विचार हाच येतो की आज कोणाचा आकडा बरा असेल.

शर्यतीच्या गाडीत बसलेल्या माणसाचं मोजमाप याहून वेगळं नसतं. फॉर्म्युला वनमध्ये २०२५ साली दहा संघ आणि वीस चालक होते. यातल्या अठरा जणांशी तुमची तुलना करताना कोणीही म्हणू शकतं की त्याची गाडी चांगली होती. इंजिन वेगळं, पंख वेगळे, पैसा वेगळा. उरतो एकच माणूस, ज्याच्याबद्दल ही सबब चालत नाही. तो तुमच्याच गॅरेजात, मधल्या पडद्यापलीकडे बसलेला असतो. म्हणून या खेळातले लोक सांगतात की आधी टीममेटला हरवा, मग बाकीच्यांचं बघू.

भाच्याला मी पियास्ट्रीबद्दल लगेच काही सांगितलं नाही. त्याला विचारलं, "नॉरिसच्या शेजारी याच्या आधी कोण कोण बसलं होतं, माहीत आहे?" त्याने सेंझ, रिकार्डो अशी नावं घेतली. मी म्हटलं, आणखी मागे जा. २०१६ ला जा. तिथे मुंबईचा एक मुलगा आहे.

जेहान दारूवालाचा जन्म १ ऑक्टोबर १९९८ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. गो-कार्टिंगचे धडे त्याने रायोमंड बनाजी यांच्याकडे घेतले. २०११ साली फोर्स इंडिया संघाने देशभरातून होतकरू मुलं निवडायची मोहीम काढली. तिच्या शेवटच्या तिघांत जेहान होता, बंगळूरचा अर्जुन मैनी होता आणि तरुण रेड्डी होता. त्याच वर्षी ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली ग्रां प्री झाली. आता आपला एखादा मुलगा वर जाणार, असं तेव्हा फार जणांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. ग्रां प्री २०१३ नंतर बंद पडली. मुलं मात्र तोवर युरोपात गेली होती.

२०१६ मध्ये फॉर्म्युला रेनॉच्या शर्यतींसाठी जेहान जोसेफ कॉफमन रेसिंग या जर्मन संघात आला. तिथे त्याच्या शेजारी लँडो नॉरिस नावाचा इंग्रज मुलगा होता, जेहानपेक्षा वयाने वर्षभर लहान. त्या हंगामात नॉरिसने युरोकप जिंकला आणि उत्तर युरोपातली मालिकाही जिंकली. २०१७ मध्ये दोघेही फॉर्म्युला थ्रीच्या युरोपीय स्पर्धेत गेले, आणि पुन्हा एकाच संघात, ब्रिटनच्या कार्लिनमध्ये. नॉरिसने नऊ शर्यती जिंकून विजेतेपद घेतलं. जेहानने न्युरेंबर्गच्या नोरिसरिंग या शहरी ट्रॅकवर एक शर्यत जिंकली आणि शेवटी तो सहावा आला.

आपल्याकडे तेव्हा छापून आलं ते एवढंच, जेहान सहावा. मी ती सबंध क्रमवारी काढून पाहिली आहे. आठव्या क्रमांकावर चीनचा झोउ ग्वान्यू आहे, बाराव्यावर मिक शूमाकर. पुढे हे दोघेही फॉर्म्युला वनमध्ये पोहोचले. जेहान त्या वर्षी दोघांच्याही वर होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली होती, जी आदल्या वर्षी नॉरिसने जिंकली होती. पण संघांचे मालक आणि पैसे लावणारे लोक सबंध क्रमवारी पाहत नाहीत. ते शेजारचं गॅरेज पाहतात, आणि जेहानच्या शेजारच्या गॅरेजात नऊ शर्यती जिंकलेला मुलगा बसलेला होता.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बाहेरून ती लक्षात येत नाही. एकाच संघातल्या दोन चालकांचा सगळा विदा एकमेकांना उघडा असतो. कोणत्या वळणाआधी किती मीटरवर ब्रेक दाबला, ॲक्सिलरेटर कधी सोडला, स्टिअरिंग किती फिरवलं, याच्या रेघा संध्याकाळी पडद्यावर एकावर एक ठेवून बघतात. सराव सत्रात तुम्ही एखाद्या वळणावर नवी युक्ती शोधलीत, तर ती त्या रात्रीपुरतीच तुमची. सकाळी शेजारच्यालाही ती येते. म्हणजे सबंध हंगामात टीममेटला मागे टाकायचं, तर एखादी युक्ती पुरत नाही. रोज नवी शोधावी लागते, आणि त्याने शोधलेली रोज शिकावी लागते. उलट बाजूने पाहिलं तर नॉरिसच्या रेघा दोन वर्षं रोज समोर असणं, हे एका अठरा वर्षांच्या भारतीय मुलासाठी मोठं शिक्षण होतं.

त्या शिक्षणाचं फळ २०१९ मध्ये दिसलं. इटलीच्या प्रेमा संघाने नव्या एफआयए फॉर्म्युला थ्रीसाठी तीन चालक घेतले होते, रशियाचा रॉबर्ट श्वार्टझमन, न्यूझीलंडचा मार्कस आर्मस्ट्राँग आणि जेहान. हंगाम संपला तेव्हा पहिले तिन्ही क्रमांक याच तिघांचे होते. श्वार्टझमन २१२, आर्मस्ट्राँग १५८, जेहान १५७. जेहानचे दोन विजय, आणि दुसऱ्या क्रमांकापासून तो फक्त एका गुणाने दूर. कामाच्या सवयीने मी तो तक्ता कितीदा तरी पाहिला. तीन सारखे संच, तिघेही पूर्ण भारावर चाललेले, आणि दोघांच्या आकड्यांत एकाचा फरक. प्लांटमध्ये एवढ्या फरकाला आम्ही फरक म्हटलंच नसतं. शर्यतीत त्या एका गुणामुळे माणूस दुसऱ्याचा तिसरा होतो.

त्या तक्त्यात नववा होता जपानचा युकी त्सुनोदा. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढच्या वर्षी रेड बुलने जेहान आणि त्सुनोदा दोघांनाही आपल्या तरुण चालकांच्या योजनेत धरून कार्लिनकडून फॉर्म्युला टूमध्ये उतरवलं. आदल्या वर्षीचा तिसरा आणि आदल्या वर्षीचा नववा एकाच गॅरेजात. साथीमुळे २०२० चा तो हंगाम जुलैत सुरू झाला. टायर अठरा इंची, सगळ्यांनाच नवे, आणि फॉर्म्युला टूच्या लांब शर्यतीत टायर जपणं ही अर्धी विद्या. त्सुनोदा तिसरा आला, २०० गुणांनी. जेहान ७२ गुणांवर बारावा. २०२१ ला त्सुनोदा फॉर्म्युला वनमध्ये गेला.

असं का झालं, याचं एका वाक्यातलं उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. जेहानने त्याच हंगामाच्या शेवटी, ६ डिसेंबर २०२० ला साखीरची स्प्रिंट शर्यत जिंकली. एफआयए फॉर्म्युला टूमध्ये शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. म्हणजे वेग होता. पण वेग जुलैत सापडला आणि वेग डिसेंबरमध्ये सापडला, यात एका माणसाच्या आयुष्याइतकं अंतर असतं. त्सुनोदाला तो लवकर सापडला.

यानंतर भाच्याने मला थांबवलं. त्याला जेहानबद्दल वाईट वाटत होतं, आणि आता त्याला सरळ उत्तर हवं होतं. कमी वेगवान माणूस जास्त वेगवान टीममेटला हरवून विजेता होऊ शकतो का? मी म्हटलं, होऊ शकतो. झालेलं आहे. फक्त तो एका शर्यतीत होत नाही.

१९८४ चं मॅक्लारेन घ्या. निकी लाउडा पस्तिशीचा, जळलेल्या कानाचा, एकदा निवृत्त होऊन परत आलेला. त्याच्या शेजारी अॅलन प्रॉस्ट, सहा वर्षांनी तरुण आणि पात्रता फेरीत जवळजवळ दर वेळी पुढे. त्या वर्षी प्रॉस्टने सात शर्यती जिंकल्या, लाउडाने पाच. विजेता लाउडा. ७२ विरुद्ध साडेएकाहत्तर. अर्धा गुण कुठून आला? मोनॅकोत धो धो पाऊस पडत होता आणि शर्यत निम्म्याच्या आत थांबवली. थांबवावी म्हणून प्रॉस्ट स्वतः हातवारे करत होता, कारण पुढे तोच होता आणि मागून आयर्टन सेना झपाट्याने जवळ येत होता. शर्यत अपुरी म्हणून गुण निम्मे. विजयाचे नऊ मिळायचे ते साडेचार मिळाले. शर्यत पूर्ण झाली असती आणि प्रॉस्ट सेनाच्या मागे दुसरा आला असता, तरी सहा गुण मिळाले असते आणि विजेतेपद त्याचं झालं असतं. लाउडाला हे आधी कळायचं कारण नव्हतं. त्याने एवढंच ठरवलं होतं की पात्रता फेरीत या पोराशी झगडायचं नाही, रविवारसाठी गाडी जुळवायची आणि जे मिळेल ते दर रविवारी घरी न्यायचं.

चार वर्षांनी त्याच प्रॉस्टच्या वाट्याला उलटं आलं. १९८८ मध्ये मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या, सेनाने आठ आणि प्रॉस्टने सात. सगळे गुण मिळवले तर प्रॉस्टचे १०५ आणि सेनाचे ९४. पण तेव्हा प्रत्येकाचे सर्वोत्तम अकराच निकाल धरत असत. त्या हिशेबाने सेना ९०, प्रॉस्ट ८७. विजेता सेना. सातत्य प्रॉस्टकडे होतं, आणि त्या वर्षीच्या नियमाला सातत्य नको होतं. आमच्याकडेही कोणता आकडा मोजायचा हे वरून ठरून येतं, मग त्याप्रमाणे एक संच चांगला ठरतो आणि दुसरा मागे पडतो. संचांना ते कळत नाही. माणसांना कळतं, आणि लागतं.

माझ्या मनात मात्र सगळ्यांत घर करून आहे ते २०१६. निको रॉसबर्ग आणि लुईस हॅमिल्टन हे २००० साली कार्टिंगच्या एकाच संघात होते. पुढे २०१३ ते २०१६ अशी चार वर्षं मर्सिडीजमध्ये शेजारीशेजारी बसले. २०१४ हॅमिल्टनचं, २०१५ हॅमिल्टनचं. नैसर्गिक वेग हॅमिल्टनकडे जास्त होता, हे रॉसबर्गच्या बाजूचे लोकही मान्य करत. २०१६ चा हंगाम सुरू होताना मर्सिडीजने दोघांच्या बाजूचे काही मेकॅनिक अदलाबदल केले. बातमी वाचली तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. शिफ्टची माणसंही आम्ही फिरती ठेवायचो, म्हणजे यंत्राचा गुण आणि माणसाचा गुण वेगळा कळतो.

रॉसबर्गने त्या वर्षी काय केलं, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं आहे. उन्हाळ्यात सायकल चालवणं बंद केलं, म्हणजे पायाच्या स्नायूंचं वजन उतरेल. हेल्मेटवरचा रंग कमी केला. मनाच्या तयारीसाठी माणूस ठेवला. यातल्या कशानेही माणूस हॅमिल्टन होत नाही. पण ऑक्टोबरमध्ये सुझुकात पोल पोझिशन ठरली ती ०.०१३ सेकंदाने, आणि ती रॉसबर्गची होती. त्याच्या आदल्या रविवारी मलेशियात हॅमिल्टन पुढे असताना त्याच्या इंजिनातून ज्वाळा निघाल्या. हॅमिल्टनने एकूण दहा शर्यती जिंकल्या, रॉसबर्गने नऊ. शेवटच्या चारही हॅमिल्टनने जिंकल्या, आणि चारही वेळा रॉसबर्ग दुसरा आला. अबू धाबीत शेवटच्या फेऱ्यांत हॅमिल्टन पुढे राहून मुद्दाम हळू चालला, मागच्यांनी येऊन रॉसबर्गला गाठावं म्हणून. कोणी गाठलं नाही. ३८५ विरुद्ध ३८०. पाच दिवसांनी, २ डिसेंबरला, रॉसबर्गने निवृत्ती जाहीर केली. वय एकतीस.

मलेशियाचं इंजिन फुटलं नसतं तर, असं लोक म्हणतात. म्हणू देत. तो हंगाम एकवीस शर्यतींचा होता आणि यंत्र कोणाचंही बंद पडतं. बंद पडेल त्या दिवशी शेजारचा माणूस घ्यायला तयार आहे की नाही, एवढंच बघायचं. रॉसबर्ग तयार होता. दर वेळी दुसरा येण्यात त्याने कमीपणा मानला नाही. वेगाने कमी असलेल्या माणसाची ही खरी ताकद, आणि ती एकदाच पुरली. दुसऱ्यांदा ती काढायची तयारी त्याच्यात उरली नव्हती, हे त्याने प्रामाणिकपणे ओळखलं. त्याच्या या निवृत्तीला पळ काढणं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत झालो नाही.

आता पियास्ट्री. भाच्याचा मूळ प्रश्न. ३१ ऑगस्ट २०२५ ला झांडवूर्टला नॉरिसची गाडी तेलगळतीने बंद पडली आणि पियास्ट्री टीममेटच्या चौतीस गुण पुढे गेला. पुढच्या रविवारी मोंझा. व्हर्स्टापन पहिला, नॉरिस दुसरा, पियास्ट्री तिसरा असा क्रम होता. संघाने पिट स्टॉपला आधी पियास्ट्रीला बोलावलं, मग नॉरिसला. नॉरिसचा थांबा लांबला, चाक बसायला वेळ लागला आणि तो बाहेर आला तेव्हा पियास्ट्रीच्या मागे होता. रेडिओवरून पियास्ट्रीला सांगण्यात आलं की जागा परत दे. त्याने दिली. भाचा त्या रविवारपासून मॅक्लारेनवर चिडलेला आहे.

मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. दुसऱ्याला अठरा गुण, तिसऱ्याला पंधरा. पियास्ट्रीने जागा दिली नसती तर नॉरिसचे तीन गुण कमी झाले असते. बाकी सगळं तसंच राहिलं असतं असं धरलं, तर शेवटी नॉरिस ४२० आणि व्हर्स्टापन ४२१. विजेता व्हर्स्टापन. पियास्ट्री तरीही ४१३ वर, म्हणजे तिसराच. मोंझाच्या त्या आदेशाने पियास्ट्रीचं विजेतेपद गेलं नाही. पण मॅक्लारेनचं मात्र त्याने वाचवलं. भाचा कागदाकडे बघत राहिला.

मग विजेतेपद गेलं कुठे? बाकूला पहिल्याच फेरीत पियास्ट्री भिंतीवर आदळला. त्यानंतर मेक्सिको आणि ब्राझील नॉरिसने लागोपाठ जिंकली, आणि पियास्ट्रीचा वेगच हरवल्यासारखा झाला. लास व्हेगसला दोन्ही मॅक्लारेन तळाची फळी जास्त झिजली म्हणून बाद झाल्या. कतारमध्ये सुरक्षा गाडी आली तेव्हा बहुतेक सगळे थांबले, मॅक्लारेनने आपल्या दोघांनाही थांबवलं नाही, आणि पुढे असलेल्या पियास्ट्रीची ती शर्यत गेली. दोघांच्या विजयांची संख्या शेवटी सारखीच, सात आणि सात. फरक पडला तो न जिंकलेल्या रविवारी.

आदेशाची गोष्ट निघालीच आहे, तर कोराडीतली एक बाब सांगतो. संच किती भारावर चालवायचा हे फक्त संचावर किंवा चालवणाऱ्यावर अवलंबून नसतं. राज्याच्या भार प्रेषण केंद्रातून निरोप येतो. रात्री मागणी उतरली की सांगतात, अमुक संच खाली आणा. यंत्र ठणठणीत, कोळसा भरपूर, माणसं जागी, तरी काटा खाली आणावा लागतो. कमी भारावर संचाची कार्यक्षमता उतरते, आणि महिनाअखेरीला तोच संच कागदावर वाईट दिसतो. माझ्या हिशेबात मी अशा तासांसाठी वेगळा रकाना ठेवत असे. शर्यतीच्या तक्त्यात असा रकाना नसतो. २००२ मध्ये ऑस्ट्रियात रुबेन्स बॅरिकेलोने शेवटच्या रेषेजवळ वेग कमी करून मायकेल शूमाकरला पुढे जाऊ दिलं. गुणतक्ता आजही तिथे फक्त दुसरा क्रमांक दाखवतो.

आमच्या विदर्भातल्या शंकरपटात जोडीचे दोन बैल उंचीला, चालीला सारखे बघून जुंपतात. एक पुढे ओढायला लागला तर छकडा वाकडा जातो, धुरकऱ्याला तो सावरावा लागतो, आणि घड्याळ तर दोघांचं मिळून एकच लागतं. मोटर शर्यतीच्या संघप्रमुखाला अशीच जोडी जुंपायची असते, पण त्याच्या दोघांची घड्याळं वेगळी असतात. संघाच्या विजेतेपदासाठी त्याला दोघांचे गुण लागतात, आणि दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याचे कमी हवे असतात. ही ओढाताण कुठल्या करारानेही सुटलेली नाही.

भारताच्या वाट्याला फॉर्म्युला वनमध्ये हे मोजमाप फारच थोडं आलं, पण आलं. १९ जून २००५ ला इंडियानापोलिसला टायरच्या वादातून चौदा गाड्या सुरुवातीआधीच आत गेल्या आणि सहाच धावल्या. जॉर्डन संघाच्या तियागो मोंतेइरोला तिसरा क्रमांक मिळाला आणि त्याचा टीममेट नारायण कार्तिकेयन चौथा आला. कार्तिकेयनला फॉर्म्युला वनमध्ये मिळालेले पाच गुण हेच. एक जागा वर असता तर भारतीय माणूस फॉर्म्युला वनच्या मंचावर उभा राहिला असता. सहा वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०११ ला, ग्रेटर नोएडात तो एचआरटी या अगदी दुबळ्या संघातून सतरावा आला. त्याच्या मागे, अठरावा, त्याचा टीममेट होता डॅनियल रिकार्डो. तोच रिकार्डो २०१४ मध्ये रेड बुलला गेला आणि चार वेळच्या विजेत्या सेबास्टियन व्हेटेलला त्याने शेजारच्या गॅरेजातून २३८ विरुद्ध १६७ अशा गुणांनी मागे टाकलं. त्या दुपारी नोएडात कार्तिकेयनच्या मागे कोण होतं, हे आपल्याकडे फारसं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मला ते राहावं असं वाटतं.

आपल्या महाराष्ट्रातलाच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत डबल आर संघाकडून खेळत होता. त्याच्या संघातला स्वीडनचा लिनस लुंडक्विस्ट त्या वर्षी विजेता झाला आणि पुढे अमेरिकेत इंडीकारपर्यंत गेला. आपल्या मुलांच्या शेजारी दर वेळी असं कोणीतरी निघतं. यात दैवाचा भाग कमी आणि बाजाराचा जास्त आहे. चांगल्या संघात जागा पैशाने मिळते, ती मिळवून आपला मुलगा आत जातो तेव्हा दुसरी जागा संघाने आपल्या लाडक्या चालकासाठी आधीच राखलेली असते. कमकुवत संघात जाऊन टीममेटला हरवणं सोपं, पण तिथे कोणी पाहत नाही. बलवान संघात सगळे पाहतात, आणि शेजारी नॉरिस असतो.

जेहानने शेजारच्याला हरवलंही आहे. २०२२ मध्ये तो पुन्हा प्रेमात आला, या वेळी फॉर्म्युला टूसाठी. टीममेट होता नॉर्वेचा डेनिस हाउगर, आदल्याच वर्षीचा फॉर्म्युला थ्री विजेता आणि रेड बुलचाच. हंगामाअखेर जेहान सातवा, १२६ गुण. हाउगर दहावा, ११५. त्याच वर्षी मोंझाची मुख्य शर्यत जेहानने जिंकली, आणि जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनने त्याला आपली फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी चालवायला दिली. नॉरिस तेव्हा त्याच मॅक्लारेनचा मुख्य चालक होता. जुने शेजारी काही तासांपुरते एका छताखाली आले, पण जागा रिकामी नव्हती. २०२३ ला एमपी मोटरस्पोर्टमध्ये पुन्हा हाउगर शेजारी आला आणि या वेळी तो आठवा, जेहान त्याच्या मागे. दोन वर्षांत दोघांनी एकेकदा एकमेकांना मागे टाकलं.

२०२४ मध्ये जेहान विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये उतरला, मासेराती संघाकडून. शेजारी मॅक्सिमिलियन ग्युंथर, २०१७ च्या त्या युरोपीय फॉर्म्युला थ्रीत तिसरा आलेला. ग्युंथर तोवर फॉर्म्युला ईत अनेक हंगाम काढून बसला होता. बॅटरी किती शिल्लक ठेवायची, ब्रेकमधून ऊर्जा परत किती घ्यायची, हा सगळा अनुभवाचा खेळ. त्याने त्या वर्षी टोकियोची शर्यत जिंकली. जेहानला एकच हंगाम मिळाला. नवा संच पहिल्या वर्षी कधीच धड आकडे देत नाही, हे प्लांटमधला कोणीही सांगेल. त्याला निदान एक मोठा ओव्हरहॉल होईपर्यंत वेळ द्यायचा असतो. चालकाला तेवढा वेळ कोणी देत नाही.

माझ्या मते जेहानवर आपण अन्याय केला तो इथे. त्याला कधीच मोठं विजेतेपद मिळालं नाही, हे खरं, आणि मी ते झाकत नाही. पण नॉरिस, श्वार्टझमन, आर्मस्ट्राँग, त्सुनोदा, हाउगर ही त्याच्या पिढीतली सगळ्यांत कठीण मापं होती. बहुतेक वर्षी यातलं एखादं त्याच्या शेजारी ठेवलेलं होतं, आणि त्याच मापाने त्याला मोजून आपण त्याला सहावा, बारावा म्हणत गेलो. २०१९ मध्ये एका गुणाने, २०२२ मध्ये अकरा गुणांनी तो त्या मापांच्या जवळ किंवा पुढे होता. एवढं तरी आपल्या लोकांनी नोंदवून ठेवायला हवं होतं.

रात्री उशिरा भाचा गच्चीवर आला. थंडी पडायला लागली होती, प्लांटच्या बाजूला दिवे होते. त्याच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर २०१७ च्या नोरिसरिंगच्या शर्यतीचा निकाल उघडलेला. त्याने तो मला दाखवला. पहिलं नाव जेहान दारूवाला, कार्लिन. बाकी सगळे खाली, आणि त्या सगळ्यांत कार्लिनचाच आणखी एक मुलगा होता. थोड्या वेळापूर्वी अबू धाबीत त्याच मुलाला आम्ही दोघांनी रडताना पाहिलं होतं.